‘हलकंफुलकं’ या शेऱ्याच्या आत काय होतं : एका विनोदी प्रेमकादंबरीवरच्या अभिप्रायांचं प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य रेल्वेच्या मार्गावरच्या एका उपनगरातलं हे सार्वजनिक वाचनालय. शासनमान्य, ‘अ’ वर्गातलं, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली अनुदान मिळणारं. वाचनालयाचं, कादंबरीचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. मी या वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर आहे आणि महिन्यातून एकदा भरणाऱ्या वाचक मंचाला नियमित जाते.

आमच्याकडे प्रेमकथा मागितली की ग्रंथपाल ज्या कपाटाकडे बोट दाखवतात, त्यात योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर यांच्या पुन्हा पुन्हा बांधणी केलेल्या प्रती आहेत. त्या आजही जातात. पण नेणाऱ्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या. तिशीतल्या वाचकाला आजच्या नोकरीतलं, आजच्या सोसायटीतलं प्रेम मराठीत वाचायचं असतं, आणि त्यातही हसवणारं हवं असतं. असं पुस्तक द्यायला टेबलावर फारसं काही नसतं. म्हणून एका नव्या लेखिकेची ही अडीचशे पानांची कादंबरी आली तेव्हा समितीने एकमताने दोन प्रती घेतल्या.

कथानक थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नायिका इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करणारी अभियंता. नायक एका जुन्या सोसायटीचा तरुण सचिव. आधीच्या सचिवांनी राजीनामा दिला आणि कोणीच तयार होईना म्हणून गळ्यात पडलेला. इमारत पुनर्विकासाला जायची की दुरुस्तीला, यावरून सभासदांत दोन तट. ती पाहणीला येते, तो तिच्या प्रेमात पडतो, आणि तिने पुन्हा यावं म्हणून घरातल्या भिंतीवर स्प्रेने पाणी मारून गळतीची खोटी तक्रार करतो. सोसायटीच्या नोटिसा, वार्षिक सभा, अमरावतीकडचा वॉचमन, नायकाचे विधुर वडील आणि त्यांचं वधू-वर सूचक मंडळ, असा सगळा पसारा.

दोन्ही प्रती कधी कपाटात दिसेनात. नंबर लावणाऱ्यांची यादी टेबलाच्या काचेखाली गेली. वाचक मंचाने हीच कादंबरी चर्चेला घेतली आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला लेखिकेला बोलवायचं ठरलं. तिने होकारही दिला.

अडचण

तीन गोष्टी एका पंधरवड्यात आल्या.

पहिली, एका ज्येष्ठ आजीव सभासदांचं कार्यवाहांना लेखी पत्र. अनुदानाच्या पैशातून अशी दर्जाहीन पुस्तकं घेऊ नयेत आणि अशा लेखनाला भाषा दिनाचं व्यासपीठ देऊ नये, असा मजकूर. यांना आम्ही सगळे काका म्हणतो. वाचनालयासाठी आयुष्यभर राबलेला माणूस, त्यामुळे पत्र फाइलला लावून मोकळं होणं शक्य नव्हतं.

दुसरी, एक प्रत परत आली तिच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं. पान ८८, खोट्या गळतीचा प्रसंग. एका अक्षरात ‘किती गोड!’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘यात गोड काय? हा त्रास आहे.’ आणि अगदी तळाशी तिसऱ्याने रेघ मारून ‘ज्याने त्याने स्वतःपुरतं बघावं’.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वाचक मंचाने वाचून झालेल्यांकडून अभिप्रायपत्रिका भरून घेतल्या होत्या. त्यांवर दोनच प्रश्न : ‘पुस्तक आवडलं का?’ आणि ‘का?’ वीस-बावीस पत्रिका आल्या. ‘मस्त टाइमपास.’ ‘हलकंफुलकं, प्रवासात वाचायला बरं.’ ‘विनोद ओढूनताणून.’ ‘आजच्या पिढीची भाषा.’ ‘दर्जा नाही.’ ‘खूप हसले, नवऱ्यालाही वाचून दाखवलं.’ संयोजक ताई निवृत्त बँक अधिकारी, कागद लावून ठेवायची सवय असलेल्या. त्यांनी आवडलं आणि नाही आवडलं असे दोन गठ्ठे केले. मग त्यांच्या लक्षात आलं की ‘हलकंफुलकं’ हा एकच शेरा दोन्ही गठ्ठ्यांत आहे. लेखिका समोर बसणार असताना यातलं तिला सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि काकांना उत्तर देण्यासारखंही नव्हतं.

विनोदी प्रेमकथेला हे नेहमीच भोगावं लागतं. दुःखाची कादंबरी आवडली नाही तरी माणूस कारण शोधतो. हसवणाऱ्या कादंबरीला मात्र एका शब्दात निकालात काढतो, कारण आपण का हसलो हे सांगणं आपल्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

समोर असलेले पर्याय

कार्यवाह, ग्रंथपाल, संयोजक ताई आणि समितीवरचे आम्ही दोघं, असे बसलो.

कार्यक्रम गुपचूप पुढे ढकलायचा, हा पहिला विचार. काका दुखावले जाणार नाहीत, वाद वाढणार नाही. पण लेखिकेला काय सांगणार? आणि नंबर लावून बसलेल्या वाचकांना आपण काय म्हणतोय, की तुमची आवड भाषा दिनाला चालत नाही? हा विचार तिथेच मागे पडला.

दुसरा पर्याय नेहमीचा : प्रकट मुलाखत, शाल-श्रीफळ, दोन कौतुकाची भाषणं आणि चहा. निर्विघ्न पार पडतं. ग्रंथपालांचा कल याकडे होता आणि त्यांची बाजूही खोटी नव्हती. पहिलं पुस्तक लिहिलेल्या माणसाला घरी बोलावून धारेवर धरू नये, असं त्यांचं म्हणणं.

तिसरा, परिसंवाद ठेवायचा. ‘विनोदी प्रेमकथा : साहित्य की करमणूक?’ कार्यवाहांना हे आवडलं होतं. पत्रकात शोभून दिसलं असतं. माझा याला कडाडून विरोध होता. असा विषय दिला की वक्ते पुस्तक बाजूला ठेवून फडके-खांडेकरांवर बोलायला लागतात. शिवाय हा प्रश्नच शिळा आहे. ताईंनी त्या बैठकीत देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ची आठवण दिली. १९१६ साली रंगभूमीवर आलेलं ते नाटक. रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर खाली पडते, फाल्गुनरावाच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या हाती लागते आणि फाल्गुनरावाच्या संशयाला ऊत येतो. प्रेम आणि हसू एका ताटात वाढणं आपल्याकडे इतकं जुनं आहे, आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्या काकांनाही ते पाठ असणार. म्हणजे त्यांची तक्रार प्रकाराविषयी नसावी, दुसऱ्या कशाविषयी तरी असावी. ताईंचं हे बोलणं निर्णायक ठरलं.

चौथा पर्याय त्यातूनच निघाला. लेखिका येण्याआधी, तिच्या गैरहजेरीत, त्याच वाचकांना वेगळे प्रश्न विचारायचे आणि काय येतं ते बघून कार्यक्रमाचं स्वरूप ठरवायचं. वेळ कमी होता, पण हेच ठरलं.

काय केलं

नव्या पत्रिकेवर तीनच प्रश्न होते. मोठ्याने हसलात ते पान कोणतं? हसू थांबलं किंवा खटकलं ते पान कोणतं? आणि, हे दोघं पाच वर्षांनीही एकमेकांना हसवत असतील असं तुम्हाला वाटतं का? नाव घालायची सक्ती नव्हती. ‘का’ हा प्रश्न मुद्दाम वगळला. ‘का’ विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा लिहितो. पान नंबर विचारला की त्याला पुस्तक पुन्हा उघडावं लागतं.

पेन्सिलीच्या शेऱ्यांचं काय करायचं यावर थोडी चकमक झाली. नियमानुसार पुस्तकात लिहिलं तर दंड आणि खोडून टाकायचं. ग्रंथपालांनी मधला मार्ग काढला : शेरे पानांसकट एका कार्डावर उतरवून घेतले आणि मग रबर फिरवलं. कोणी लिहिलं याचा शोध घेतला नाही. तारखेच्या चिठ्ठीवरून तो सहज लागला असता. तो न घेणं हा मला या प्रकरणातला फार चांगला निर्णय वाटतो, कारण त्या तीन शेऱ्यांइतके मोकळे शब्द कुठल्याही पत्रिकेवर नव्हते.

चर्चेच्या संध्याकाळी आधी वार्षिक सभेचं प्रकरण मोठ्याने वाचलं. हौशी नाटकांत कामं करणाऱ्या एका सभासदाने सगळे आवाज काढून वाचलं. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ या विषयावर दीड तास भांडण आणि मग चहा गार झाला म्हणून सभा तहकूब, असा तो प्रसंग. पत्रिकेवर ‘विनोद ओढूनताणून’ लिहिणारे एक सर त्या दिवशी डोळे पुसत होते. त्यांनी स्वतःच सांगितलं की त्यांनी पुस्तक रात्री झोपताना, तुकड्यातुकड्यांत वाचलं होतं. सभेची लय त्यात हरवली असणार.

पानांचे नंबर काय सांगत होते

हसण्याची पानं विखुरलेली होती. खटकण्याची मात्र तीनच जागी गोळा झाली.

पहिली जागा खोट्या गळतीची. पान ८८ आणि पान १४१ असे दोन वेगळे आकडे आले आणि त्यांनीच गाठ सोडवली. पहिल्या वेळी नायिका यंत्राने भिंतीतला ओलावा मोजते, पाणी फक्त वरवर आहे हे तिला तिथेच कळतं, आणि ती अहवालात लिहिते : ‘गळतीचा उगम आढळला नाही. पुन्हा पाहणी आवश्यक.’ ज्यांनी ती ओळ पकडली त्यांना प्रसंग गोड वाटला, कारण खेळात तीही उतरली आहे. ज्यांच्या नजरेतून ती ओळ सुटली त्यांना एक पुरुष खोटं बोलून बाईला घरी बोलावतोय एवढंच दिसलं. समासातलं भांडण इतकं साधं होतं.

पान १४१ वेगळं. तिथे नायकाची तिसरी तक्रार तिच्या वरिष्ठांकडे जाते आणि तिला लेखी खुलासा द्यावा लागतो. मंचात एक तरुण मुलगी आहे, बांधकाम क्षेत्रात नोकरी करणारी. ती म्हणाली, “अहो, साइटवर मुलगी म्हणून आधीच प्रत्येक रिपोर्ट दोनदा तपासतात. त्यात तक्रार वर गेली की पुढची दोन वर्षं तीच निघते. मला तिथून पुढे तो आवडेनासाच झाला.” खोलीत शांतता झाली. मग एक काकू म्हणाल्या, “पण तो माफी मागतो ना गं.” “मागतो काकू. दीड पानात. माझ्या फाइलमधला कागद दीड पानात जात नाही.” पहिल्या पत्रिकेवर या मुलीने ‘ठीक आहे, हलकंफुलकं’ एवढंच लिहिलं होतं. इतकी नेमकी, नोकरीतून आलेली हरकत ती त्या दोन शब्दांखाली दाबून बसली होती.

दुसरी जागा वॉचमनची. अकोल्याकडून आलेले एक सभासद म्हणाले की बोली चोख आहे, लेखिकेचे कान चांगले आहेत. ‘काऊन’, ‘मले’, ‘तुले’ सगळं जिथल्या तिथे. पण सुरुवातीच्या दोन प्रकरणांत तो असा बोलतो म्हणून हसायचं असतं. पुढे त्याला नायकाचा डाव कळतो आणि पाणी वरून आलं का मनातून, असं तो साहेबांना विचारतो. तिथे तो जे बोलतो त्याला हसायचं असतं. “तिथे मी पोट धरून हसलो. तोच माणूस, तीच बोली,” असं ते म्हणाले. त्या संध्याकाळी विनोदावर बोलल्या गेलेल्या वाक्यांत मला हे सर्वांत मोलाचं वाटलं.

तिसरी जागा पान १६३. विधुर वडील वधू-वर सूचक मंडळात नाव नोंदवायला जाण्याआधी केस काळे करतात, रंग कानावर ओघळतो, सोसायटीभर चर्चा होते. हा आकडा ज्या पत्रिकांवर होता त्यांतली एक काकांची होती. त्यांनी पत्रिका सहीनिशी भरली, फक्त तो आकडा लिहिला, बाकी दोन्ही प्रश्न कोरे. काका गेली काही वर्षं एकटे राहतात. कोणी त्यांना काही विचारलं नाही, आणि विचारायला नकोच होतं. त्यांच्याच वयाच्या एका बाईंनी मात्र चर्चेत विषय काढला : “केसांवरून तीन पानं हसवलंय, चालेल, आम्हीही हसलो. पण त्या माणसाला घरी संध्याकाळी कसं वाटतं, हे अख्ख्या पुस्तकात एकदा तरी त्याच्या तोंडून यायला हवं होतं. बाकी सगळ्यांना बोलू दिलंय.” काका मान खाली घालून ऐकत होते.

‘दर्जाहीन’ या शब्दाचा पत्ता मला तरी त्या पानावर लागला. काकांनी तसं कधी म्हटलेलं नाही, त्यामुळे हा माझा तर्क आहे.

निर्णय आणि परिणाम

कार्यक्रम झाला. त्याआधी ताईंनी पानवार टिपण करून लेखिकेला पाठवलं : कुठे किती जण हसले, कुठे थांबले, दोन्ही बाजूंची वाक्यं, नावांशिवाय. हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय होता. ग्रंथपालांचा आक्षेप कायम होता की हे पाहुण्याला न शोभणारं आहे. शेवटी लेखिकेलाच फोन करून विचारलं, असं टिपण पाठवू का? ती हो म्हणाली.

व्यासपीठावर ती टिपण घेऊनच बसली. वॉचमनबद्दलचं म्हणणं तिने मान्य केलं. वडिलांबद्दल बराच वेळ बोलली. त्यांचं एक स्वतंत्र प्रकरण तिने लिहिलं होतं आणि वेग कमी होतो म्हणून शेवटच्या खर्ड्यातून काढलं होतं. पान १४१ वर मात्र ती ठाम राहिली. तो प्रसंग हसण्यासाठी लिहिलेलाच नाही, तिथे वाचकाने नायकावर चिडावं असंच हवं होतं, असं तिचं म्हणणं. मग सभागृहातून कोणीतरी मलपृष्ठ वाचून दाखवलं. त्यावर ‘पानोपानी हशा’ अशी ओळ आहे. पानोपानी हशा मिळणार म्हणून उघडलेल्या पुस्तकात गंभीर पान आलं की वाचक त्याला फसलेला विनोद समजतो. मला हे पटलं. तरी माफी दीड पानात उरकली आहे, ही त्या मुलीची हरकत मलपृष्ठाने मिटत नाही. लेखिकेनेही ती मिटली असा दावा केला नाही.

समितीने तिसरी प्रत घेतली. काकांना कार्यवाहांनी लेखी उत्तर दिलं : निवड समितीचा अधिकार, वाचकांची मागणी, आणि आपल्या हरकतीची नोंद चर्चेत झाली हे आवर्जून. काकांनी पत्र मागे घेतलं नाही. कार्यक्रमाला ते आले नाहीत. मार्चमध्ये मात्र त्यांनी मंचासाठी एका विनोदी पुस्तकाचं नाव सुचवलं, तेही लेखी.

वेगळं काय करता आलं असतं

काकांच्या पत्राला उत्तर जायला तीन आठवडे लागले. पोच तरी दुसऱ्या दिवशी द्यायला हवी होती. तेवढ्या काळात पत्राच्या अर्धवट गोष्टी बाहेर फिरल्या आणि ‘ज्येष्ठ विरुद्ध तरुण’ असं रूप त्याला उगाचच आलं. पानांचे नंबर पाहिले तर वयाची अशी काही फाळणी नव्हती. पान १४१ वर सर्वांत जास्त चिडलेल्या दोघी सत्तरीच्या आहेत. दोघींनीही नोकऱ्या केल्या आहेत.

मोठ्याने वाचायला एकच प्रकरण घेतलं आणि तेही सर्वांना आवडलेलं. वादाचं एखादं पानही वाचायला हवं होतं. अहवालातली ती ओळ ऐकून किती जणांचं मत बदलतं, हे तिथल्या तिथे कळलं असतं. आता मंचात आवडलेलं आणि खटकलेलं अशी दोन पानं वाचायची पद्धत पाडली आहे.

पाच वर्षांनीही एकमेकांना हसवतील का, या तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं आम्ही जवळजवळ वापरलीच नाहीत. वादाच्या पानांत सगळा वेळ गेला. वास्तविक प्रेमकथा म्हणून ही कादंबरी उभी राहते की नाही ते तिथेच कळतं. पत्रिका परत चाळल्या तर बहुतेकांचं उत्तर ‘हो’ आहे, आणि कित्येकांनी कारण म्हणून ती अहवालाची ओळ दिली आहे. लेखिकेला हे ऐकायला मिळायला हवं होतं. नंतर ताईंनी पत्राने कळवलं.

सर्वांत मोठी उणीव वेगळीच. तारखेच्या चिठ्ठ्या पाहताना दिसलं की काही जणांनी पुस्तक दोन-तीन दिवसांत परत केलं आहे. त्यातले काही एका बैठकीत वाचणारे असतील, काही तीस-चाळीस पानांत सोडून देणारे. सोडून देणारे ना पत्रिका भरतात ना चर्चेला येतात. विनोद कुठे पोचला नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. म्हणून आता देवघेवीच्या टेबलावर लवकर परत आलेल्या पुस्तकासाठी ग्रंथपाल एवढंच विचारतात, “कितव्या पानापर्यंत गेलात?” आणि तो आकडा कार्डावर लिहून ठेवतात.